गरगर सर

आमचे गरगर सर शिकवताना स्वतःभोवती फिरत. अमरावतीच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारा हा अकोटचा पन्नाशीतला ब्रह्मचारी, स्पिन म्हटलं की खडूसकट गिरकी घेई. "पायल्याशिवाय समजत नाही अन् फिरल्याशिवाय पटत नाही," असं त्यांचं म्हणणं.

अणूच्या गाभ्यातल्या कणांच्याही पोटात असणारे क्वार्क तेव्हा नवे होते. कोणी पाहिलेले नव्हते. सापडलेच तर फार जड निघतील, असं म्हणत. एक क्वार्क आणि एक प्रतिक्वार्क एकमेकांना बांधलेले असतात. दोघांचे स्पिन एकाच दिशेचे असले तर होणारा कण जड, उलट दिशांचे असले तर हलका. हे सरांना दाखवायचं होतं. त्यांनी मुलींच्या पहिल्या बाकावरून मला उठवलं, मागून एका मुलाला बोलावलं, आणि जोडी बांधलेली दिसावी म्हणून स्वतःच्या उपरण्याचं एकेक टोक दोघांच्या हातात दिलं. "फिरा आता!"

मागून कोणीतरी मंगलाष्टक सुरू केलं. सर बिचारे मान डोलवत राहिले. त्यांना वाटलं, वर्ग रंगला. मला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

बातमी माझ्याआधी अकोल्याला घरी पोचली. आमचा फुलांचा धंदा. माझे वडील, आबा, अमरावतीला आले आणि मी शिकायला राहिले होते त्या मावशीकडून मला घरी घेऊन गेले. "लोकं मलेच इचारून राहिले, पोरीचं लगन कधी लावलं म्हून," एवढंच म्हणाले. शिक्षण बंद. लाजेनं मी दारातसुद्धा उभी राहिले नाही.

रविवारी सर एसटीनं आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. उभ्याउभ्याच त्यांनी आबांना हात जोडले. "मले फकत दोन कण दिसले, भाऊ. पोरगी दिसलीच नाही. चुकी माही हाये, सजा तिले कावून?"

आबांनी निवडायला घेतलेले गुलाब खाली ठेवले. मग म्हणाले, "धाडतो. पन मास्तर, कोनाच्या लेकीले असं उभं करू नका."

"लेकीले काय, आता कोनालेच नाही करनार."

सरांनी शब्द पाळला, आणि तोही असा की पुढे ते फळ्याकडे तोंड करून नुसते बाण काढत राहिले. एक वर, एक खाली. नवी मुलं जांभया देत आणि विचारत, यांना गरगर सर का म्हणतात? मला मेल्याहून मेल्यासारखं होई. माझं शिक्षण वाचलं होतं, आणि त्यापायी सरांचं काय गेलं ते मी रोज समोर बघत होते.

कॉलेज सोडताना मी त्यांच्या पाया पडले. म्हटलं, "सर, तो जड आणि हलका कण मला त्याच दिवशी समजला. अजून तसाच डोळ्यांपुढे आहे." वाटलं, आता तरी खुलतील.

सरांनी मान खाली घातली.

"इसरून जाय, माय," ते म्हणाले. "माह्यासाठी तेवढं कर."