चौसष्टच्या बाटलीचा निकाल

चौसष्ट साली द्राक्षमळ्याचे मालक द बर्नाक पॅरिसला गेले. जाताना बजावून गेले, मी येईपर्यंत तोडणीला हात लावायचा नाही. वाइनच्या तळघराचा कारभारी ओक्ताव बोर्दोजवळच्या या मेदोकच्याच मातीत वाढलेला. सप्टेंबर सरताना त्याने एक द्राक्ष दाताखाली फोडलं, बी चावून पाहिली. दुसऱ्या दिवशी पहाटे माणसं मळ्यात उतरवली.

मालक परतले तेव्हा तोडणी उरकली होती. त्यांनी ओक्तावला सगळ्यांदेखत हाकललं. आठवड्याने पाऊस लागला तो थांबेचना. वाट बघत बसलेल्या शेजाऱ्यांची द्राक्षं वेलीवरच कुजली. बर्नाकची वाइन नावाजली. "मी द्राक्ष चाखलं आणि तारीख ठरवली," असं मालक येईल त्या पाहुण्याला सांगू लागले.

ओक्ताव रस्त्यावर खडी फोडायला लागला. तोडणीच्या दिवसांत तो खिडक्या लावून घ्यायचा. सहा वर्षांत गेला.

त्याला हाकललं तरी त्याची बायको झेली त्याच तळघरात बाटल्या धुवायला राहिली.

"लाज नाही वाटत?" बहिणीने विचारलं.

"वाटते ना. म्हणून तर जाते."

बाटल्यांवरून ती पिंपांवर गेली. आटलेली पिंपं चाखून भरता भरता तिची जीभ तयार झाली. पन्नाशीपर्यंत तिने चाखल्याशिवाय तिथलं एकही पिंप बाटलीत उतरेना. एक गोष्ट मात्र तिने पहिल्याच वर्षी हेरली. चाखताना मालक कधी आधी बोलत नाहीत. दुसरा बोलला की मान डोलावतात. ती गप्प राहिली. तीस वर्षं.

चौऱ्याण्णव साली चौसष्टच्या त्या वाइनच्या अठ्ठेचाळीस बाटल्या उरल्या होत्या. विकण्याआधी जुनी बुचं बदलायची होती. बूच काढायचं, झेलीने चाखून निकाल द्यायचा, मालकांनी चाखून होकार द्यायचा. वाइन जिवंत असेल तर त्याच सालच्या वाइनने बाटली काठोकाठ भरून नवं बूच. मेलेली असेल तर मोरीत. बोर्दोहून दलाल लुस्तो विक्रीचा कागद घेऊन आला होता. कागदावर पहिलीच ओळ होती: तोडणीची तारीख मालकांनी स्वतः चाखून ठरवलेली. झेलीने ती वाचली.

"जपून हं, झेलीबाई," मालक म्हणाले. "एकेक बाटली म्हणजे लेक आहे माझी."

"बाप कोण ते आईला विचारावं," म्हातारा मजूर गास्तों पुटपुटला. चौसष्टच्या तोडणीत तोही होता.

झेलीने पहिलं बूच काढलं. ग्लास नाकाशी नेला. ओला पाला, चामडं, आणि खाली कुठेतरी अजून ताजं काळं फळ. तिने घोट घेतला. वाइन जिवंत होती.

ती थुंकली. तोंड पुसलं.

"मेली," ती म्हणाली.

मालकांनी मेणबत्तीसमोर ग्लास धरला, घोट तोंडात घोळवून थुंकला. खेदाने मान हलवली.

"मेलीच. पार आंबली आहे. मला तर वासावरच कळलं."

"नक्की ना, मालक? साहेब लिहून घेतायत."

"तीस वर्षं हीच जीभ वापरतोय, बाई. ओता मोरीत."

झेलीने ओतली नाही. दोन ग्लास भरले. एक गास्तोंला, एक दलालाला.

लुस्तोने घोट घेतला. त्याचं पेन थांबलं. त्याने पुन्हा घोट घेतला.

"मेली? अहो, हिच्यासारखी मी जन्मात चाखली नाही!"

गास्तोंने ग्लास रिकामा केला. त्याचे डोळे भरले होते.

"मला सर्दी आहे," मालक म्हणाले.

"चौसष्टपासून?" गास्तोंने विचारलं.

लुस्तो कागदाकडे बघत राहिला. "मग तारीख ठरवली कुणी?"

"ओक्ताव द्युपेरों. माझा नवरा," झेली म्हणाली. "खोडा ती ओळ, आणि हे नाव घाला."

लुस्तोने ओळ खोडली.

मालकांचा चेहरा लालबुंद झाला. "चालती हो! आत्ताच्या आत्ता!"

"जाते की. सत्तेचाळीस राहिल्यात. कोण चाखणार, तुम्ही?"

मालकांनी दलालाकडे पाहिलं.

"या चाखणार नसतील तर मी घेत नाही," लुस्तो म्हणाला.

झेलीने दुसरी बाटली पुढे ओढली.

"मेणबत्ती धरा, मालक. जरा वर. बूच दिसत नाही मला."

मालकांनी मेणबत्ती वर धरली.