चेप्या

राज्यांची भाषेवरून वाटणी झाली, आमचं गाव तेलुगू मुलखात गेलं, त्या वर्षी आमच्या शाळेत तेलुगू शिकवायला नवे गुरुजी आले. आमचं गाव गुडीहत्नूरच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी, घरोघरी मराठी. गुरुजींनी फळ्यावर मासा काढला, दमून खुर्चीत टेकले आणि त्याच्याकडे बोट करून म्हणाले, "चेपा." मी पहिल्या रांगेत. मोठ्या माणसानं सांगितलं म्हणून निमूट उठले आणि त्यांचे पाय चेपायला बसले. गुरुजी खुर्चीसकट मागं सरले. तेलुगूत माशाला चेपा म्हणतात हे मला कुठलं ठाऊक! वर्ग हसून लोळला, आणि सगळ्यात जास्त हसली माझी मैत्रीण, मराठीच्या मास्तरांची मुलगी.

त्या दिवशी आमच्या ओढ्यातल्या माशाला नाव मिळालं. चेप्या. बोटाएवढा, मिशाळ. डोंगरावरचं पाणी जोरात आदळायचं, तिथंच हा पठ्ठ्या दगडाला पोट चेपून बसायचा. म्हणजे नाव दोन्ही भाषांत बरोबर. आम्ही दगड हळूच उचलून त्याला बघायचो आणि होता तसा परत ठेवायचो. घरी सांगायचो, मासे बघायला जातो. खरं तर एकमेकींसाठी जायचो.

वर्ष सरायच्या आत तिच्या वडिलांनी पैनगंगेपलीकडे, मराठी मुलखात, बदली मागून घेतली.

"काऊन जाऊन राह्यली तू?" मी विचारलं.

"बाबा म्हणते, आता इथं आपलं काय हाये?"

मी होते ना! पण मला कोण हिशेबात धरतंय.

पुढं मी तेलुगू अशी शिकले की बाजारात भांडणंसुद्धा त्याच भाषेत करायची. गावातच लग्न झालं, भाजीचा मळा सांभाळला. चेप्याचं नाव मात्र कोणापुढं काढायची सोय नव्हती. मराठी माणसाला वाटायचं, मी काहीतरी दाबायला सांगते आहे; तेलुगू माणसाला वाटायचं, नुसता मासा. ओढ्यावर एकटीच जायची. वर डोंगरात दगड फोडायला लागले, तळाला गाळ बसत गेला आणि चेप्या दिसेनासा झाला. मला फार राग आला आणि फार एकटं वाटलं. मैत्रीण आली की तिला सांगेन, म्हणून सगळं मनात धरून बसले.

ती आली ती केस पांढरे झाल्यावर, कुणाच्या तरी लग्नाला. मी तिला ओढ्यावर नेलं. गाळात हात घालून दगड उचलले. खाली काही नव्हतं. "चेप्या गेला," मी म्हटलं. ती हसली. तिला माशाचं नाव आठवत होतं, गुरुजींचे पायही आठवत होते.

तिनं पदर सावरला, गाडीकडे पाहिलं.

"बरं झालं, भेट झाली," ती म्हणाली. "तुम्ही या ना एकदा आमच्याकडे."

मी मागं वळून पाहिलं, ती 'तुम्ही' कोणाला म्हणते आहे ते.