स म्हणजे ससा

जिभेच्या बाईंना अपमान विसरता येत नसे. स्वादकलिकांतल्या पेशी साधारण दहा दिवसांत नव्या होतात, हे शिकवताना त्या हमखास म्हणत, "लोकांच्या होतात. माझ्या जुन्याच आहेत." मुलुंडच्या आमच्या महाविद्यालयात त्या हिस्टॉलॉजी, म्हणजे शरीरातल्या ऊतींचे शास्त्र, शिकवीत. टोपणनाव विषयामुळे पडले की स्वभावामुळे, हे विचारण्याचे धैर्य कुणाला नव्हते.

जिभेच्या छेदात त्या प्रथम फिलिफॉर्म, म्हणजे धाग्यासारखे, अंकुर दाखवीत. "बघा, संख्येनं सगळ्यात जास्त, टोकदार, आणि स्वादकलिका एकही नाही. आपली स्टाफरूम!"

मी चाळिशीनंतर शिकू लागलेली, वर्गातली सर्वांत भित्री. स्लाइड मात्र मन लावून करी. सशाच्या जिभेच्या कडेला पानांसारख्या घड्या असतात आणि त्यांच्या भिंतींत स्वादकलिका दाटीने बसलेल्या दिसतात. त्या स्लाइडवर मी सवयीने 'स' लिहिला होता. विभागप्रमुखांनी ती न विचारता उचलली आणि तिचा फोटो स्वतःचा म्हणून वर्गात दाखवला. मायक्रोस्कोपला डोळा लावून त्यांना वर्षे झाली होती. 'स' म्हणजे 'सामान्य' असे समजून त्यांनी खाली छापले, 'सामान्य मानवी जीभ'.

"जाऊ द्या ना, बाई," मी म्हणाले.

"जाऊ द्या? माझ्या आकृत्या गिळल्या, आता तुझी स्लाइड! अगं, अपमान गिळायचा नसतो, जिभेवर घोळवायचा. अंधेरीच्या परिषदेत तो हेच दाखवणार आहे. तोवर तोंड उघडायचं नाही. आणि तिथे मिटायचं नाही. कळलं?"

परिषदेत फोटो पडद्यावर येताच बाईंनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की मी उभीच राहिले.

"सर, ती स्लाइड माझी आहे. आणि... स म्हणजे ससा."

लगेच शेजारून बाईंचा खणखणीत आवाज आला, "पुढच्या फोटोत या माणसाचे कान दाखवा ना, सर!"

हशा थांबेना. सरांची मला दया यायला हवी होती. आली नाही.

पुढे घशावर किरणोपचार झाले आणि बाईंची चव गेली. आमची शेवटची भेट त्यांच्या नाहूरच्या घरी झाली. मी नेलेल्या सोलकढीचा एक घोट घेऊन त्यांनी वाटी बाजूला सारली. "पाणी लागतंय गं." मी वाटी उचलू लागले. तेव्हा त्या हसल्या.

"पण परिषदेत त्याचं तोंड पडलं होतं ना, ते अजून लागतं. आंबटगोड!"