चार रिव्हेटांची लाँच

बडेसाब लोखंडी होड्या बांधायचा. भीमेच्या आमच्या घाटावर चालल्या त्या सगळ्या त्याच्याच. अक्कलकोट रोडला त्याची उघडी शेड होती. मी तिथं पत्रा धरायचो. केस पांढरे होईपर्यंत धरला.

वेल्डिंग झालं की सांध्याला आतून रॉकेल, बाहेरून चुना. चुन्यावर डाग उठला की सांधा गळका. मग घासून पुन्हा. मी कंटाळून म्हणायचो, "मालक, टाचणीएवढा डाग हाय की."

"मग टाचणीएवढाच बुडशील व्हय तू?"

नवी होडी पाण्यात उतरली की पहिला फेरा बांधणाऱ्यानं मारायचा, तोही बायकोला घेऊन. ती दोघं परत येईपर्यंत दुसरं कुणी होडीत पाय ठेवत नसे. बडेसाबच्या बायकोला, माजिदाभाभीला, पोहता येत नाही. तरी प्रत्येक होडीत ती बसली. पलीकडच्या काठाला तिचं माहेर.

मग सरकारनं ठरवलं, जुन्या होड्या मोडीत काढायच्या आणि देशातच बांधलेल्या लाँच आणायच्या. आम्ही खूश झालो. देशात आम्हीही येतो, असं वाटलं. बडेसाब सरकारी साहेबाला भेटून आला. साहेब म्हणाला, शेडला काम देता येत नाही, कंपनी लागते. काम चनमल्लप्पा नावाच्या ठेकेदाराला गेलं. बडेसाबच्या होड्या गॅसनं कापल्या. शेड बंद पडली आणि तो त्याच ठेकेदाराकडं चिंचोळी एमआयडीसीत कामाला लागला.

तिथं लाँच बांधत नव्हते. ट्रेलरवरून तयार सांगाडे यायचे, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले, खोक्यांवर परदेशी अक्षरं. इथं रंग द्यायचा, खुर्च्या बसवायच्या आणि पुढच्या टोकाला 'भारतात बांधलेली' अशी पितळी पाटी ठोकायची. पाटीचं काम बडेसाबकडं. त्यानंच मला हे सांगितलं, खाली बघत.

उद्घाटनाला मी घाटावर होतो. देशी कारागिरांवर साहेबाचं भाषण झालं. फीत कापताच म्हातारा नावाडी येडू ओरडला, "बांधणारा कुटं हाय? पयला फेरा त्येचा!"

ठेकेदारानं बडेसाबला पुढं ढकललं. "जावा की. तुमीच बांधली म्हणा. उद्या कामावर यायचं हाय न्हवं?"

बडेसाबनं एक पाय लाँचमध्ये ठेवला आणि माजिदाभाभीकडं हात केला. ती हलली नाही.

"इसकू तुम बांधे क्या?"

लोक हसले. येडू म्हणाला, "भाबी, आज नव्यानं इचारताय व्हय? मालकाबिगर कोन बांधनार?"

ती नवऱ्याकडंच बघत होती. त्याचा हात तसाच पुढं राहिला होता.

"न्हाय," बडेसाब म्हणाला. "पाटीला चार रिव्हेट मारलेत. बाकी कुनी बांधली, मला म्हाईत न्हाय."

त्यानं पाय मागं घेतला. साहेबाला तो विनोद वाटला, तो हसला. दुसरं कुणी हसलं नाही. ठेकेदारानं तिथंच सांगितलं, उद्या येऊ नका.

बाहेरून आणली तर तसं लिहा. त्याचा मला राग नाही. पण ज्यांनी घाम गाळला नाही त्यांनी पाटी लावायची आणि ज्यानं आयुष्यभर गाळला त्याच्याच हातून ती ठोकून घ्यायची, हे मला गिळवत नाही.

लोक लाँचमध्ये बसतात. बसणार नाहीत तर जातील कशानं? जुन्या होड्यांचं भंगार झालं. माजिदाभाभी मात्र माहेरी एसटीनं जाते, लांबच्या पुलाचा वळसा घालून. पिशवी बडेसाब धरतो.