किन्हीराजात डुकराच्या वाटेत लावलेली बाइक

नववीच्या वर्गात मी किल्ल्यांचे वेढे इतक्या तावातावाने शिकवते की तास संपल्याची घंटाही मला ऐकू येत नाही. त्यामुळे शाळेतली मैत्रीण प्रज्ञा म्हणाली, "माझ्या भावाकडे किन्हीराजाला सोयाबीनची सोंगणी आहे. चल, खरा वेढा बघ," तेव्हा मी लगेच नवऱ्याची बाइक मागितली. नितीनने ती दोनच महिन्यांपूर्वी घेतलेली. किल्ली देताना त्याने मुलीला सासरी धाडताना करतात तसा चेहरा केला.

संभाजीनगरहून आम्ही दोघी पहाटेच निघालो. समृद्धीवर दुचाकी चालत नाही, म्हणून जालना, सिंदखेडराजा, मेहकर, मालेगाव असा जुना रस्ता धरा. मेहकरला तर्री-पोहे खाल्ले. दोघींचे पन्नास रुपये झाले, डोळ्यांतलं पाणी फुकट. मुक्काम प्रज्ञाचे भाऊ मिलिंददादा यांच्याकडे होता. तुमची तिकडे ओळख नसेल तर वाशिमला खोली घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेतावर गेलो. दहा-बारा बाया विळे घेऊन तीन बाजूंनी आत सरकत होत्या. मधल्या उभ्या सोयाबीनमध्ये रानडुक्कर लपलंय, असं दादा म्हणाले. नाल्याकडच्या चौथ्या बाजूला मात्र चिटपाखरू नव्हतं. आता गप्प बसेन तर मी कसली?

"दादा, वेढा अपुरा आहे. ती बाजूही बंद करा."

"राहू द्या मॅडम, तसंच असते," दादा हसून म्हणाले.

यांना युद्धशास्त्र कळत नाही, असं मी मनात ठरवलं. नाल्याकाठच्या बाभळीखाली झकास सावली होती. मी बाइक नेऊन तिथेच लावली आणि मोबाइल उगारून शेजारी उभी राहिले. वेढा पूर्ण!

पीक खोलीएवढं उरलं तेव्हा ते हललं. डुक्कर सरळ माझ्याकडे आलं, मला आणि चकाकत्या बाइकला बघून थबकलं, आणि वळून बायांच्या दिशेने सुटलं. सगळ्यात पुढे शेवंताबाई होत्या. मागच्या वर्षी दुसऱ्या एका शेतात डुकराने त्यांची मांडी फाडली होती, त्या अजून लंगडतात. त्यांना पळता येईना.

"मॅडम, वाट सोडा!" दादा ओरडले. "बाजूले व्हा!"

बाइक तिथेच टाकून मी जी पळाले ती थेट बांधावर. बायांनी कालवा केला. शेवंताबाईंपासून दोन हातांवर डुक्कर फिरलं, आलं तसं परत गेलं, त्याने बाइक धडक देऊन आडवी केली आणि नाल्यात उतरलं.

सगळ्या माझ्याभोवती जमल्या. शरमेने माझी मान वर होईना. आता बोलणी बसणार, आणि ती बसायलाच हवी होती.

शेवंताबाई लंगडत पुढे आल्या आणि बाकीच्या बायांना म्हणाल्या, "सावली तेवढीच हाय ना बाई तिथं. गाडी कुठं लावन थे? आमीच सांगाले पाह्यजे होतं."

मला रडूच आलं. मग भाकर, ठेचा आणि वांग्याची भाजी खाताना मी विचारलं, की ती बाजू नेहमीच मोकळी सोडता का?

"त्याले वाट देल्ली की थे आपल्या घरी जाते," त्या म्हणाल्या. "नाई देल्ली तं आपल्या अंगावर येते. मागच्या साली नाई देल्ली."

वीस वर्षं वेढे शिकवते आहे मी. वहीत लिहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी पोचले. मडगार्डला हा भला मोठा पोचा. नितीनला काय सांगायचं याची जुळवाजुळव करत जिना चढले, तर बाल्कनीत माझ्या आठही कुंड्यांनी माना टाकलेल्या. माती कोरडी ठाक, झारी कोपऱ्यात तशीच. नितीन कठड्याला पाठ लावून उभा. एरवी मी पुरावे मांडून त्याला असा कोंडीत धरते की शेवटी तोच चिडून माझ्यावर उलटतो आणि दोन दिवस अबोला.

मी दारातून बाजूला झाले.

"ऊन फार होतं का रे?"

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "भयंकर!" म्हणाला आणि चहा टाकायला स्वयंपाकघरात पळाला.

चहा चांगला झाला होता. नंतर तो खाली जाऊन बाइक बघून आला आणि म्हणाला, "तिकडचे रस्ते फारच खराब दिसतात."

"फारच," मी म्हणाले.