बाळंतिणीच्या ताटातली मुशी

माझ्या मुलीनं मला आयुष्यात एकच गोष्ट करू नको म्हणून बजावलं होतं, आणि तिच्याच बाळंतपणात मी नेमकी तीच केली. विसरून नव्हे, चुकून नव्हे. चांगली समजून उमजून केली आणि वर थापही मारली. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर मुलांना 'खरं बोला' शिकवलेल्या बाईनं.

मुलगी कोकणात असते आणि शार्क माशांचा अभ्यास करते. आमच्या धाराशिवात हे सांगायची सोय नाही. लोक आधी हसतात, मग विचारतात, "म्हणजे तो माणसं खाणारा?" माझं माहेर तेरचं. तेरणेच्या पाण्यात गुडघाभर उतरलं तरी आई काठावरून हाका मारायची, असलं आमचं पाण्याशी नातं. त्यामुळं पहिली दोन वर्षं मी शेजारणींना 'ती सरकारी प्रकल्पावर आहे' एवढंच सांगून वेळ मारून नेली. प्रकल्प म्हटलं की लोकांना धरण वाटतं, आणि धरणाला कुणी हसत नाही.

तिचं काम म्हणजे सकाळी बंदरावर होड्या आल्या की त्यांत आलेले शार्क मोजायचे. लांबी, नर की मादी, मादीच्या पोटात पिल्लं आहेत का, किती आहेत. मग मणक्याची एक चकती काढून घ्यायची. त्या चकतीवर वळी असतात आणि ती मोजून माशाचं वय काढतात, असं तिनं फोनवर सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा तिच्या कामात गोडी वाटली. कारण माझे वडील गाईच्या शिंगावरची वळी बोटानं चाचपून तिची किती वेतं झाली ते सांगायचे, आणि बाजारात त्यांना कुणी फसवू शकत नसे. मी म्हटलं, "हे तर आमच्या अण्णांनाबी यायचं." ती म्हणाली, "अण्णांना सोबत न्यायला पाहिजे होतं मग." त्याच फोनवर तिनं मला ते बजावलं. आपल्या आठवडी बाजारात मुशी म्हणून जे सुकं मिळतं, तो शार्कच असतो. शार्क कमी होत चालले आहेत, तेवढं घरात आणू नको. बाकी सुकट खा, बोंबील खा, मी काही बोलणार नाही.

मला मुशी कधी आवडली नव्हती, तेव्हा शब्द द्यायला काय जात होतं? दिला.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती सातव्या महिन्यात आली. सोबत कपड्यांपेक्षा वह्या जास्त. नात जन्मली ती वजनानं कमी. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा माझ्या एका तळव्यात तिचं डोकं आणि पाठ मावत होती. आणि मुलीच्या अंगावर दूध उतरेना. यायचं ते थेंबभर. पोर ओढून ओढून दमायची, रडायची आणि रडतारडता झोपायची. मी अळिवाची खीर केली, खसखशीची केली, शेपू, मेथी, बाजरीची भाकरी, डिंकाचे लाडू. शेजारणींनी सांगितलेलं सगळं केलं. दवाखान्यातली सिस्टर घरी येऊन पोरीला कसं धरायचं ते दाखवून गेली आणि म्हणाली, "सारखं पाजायला घ्या, येईल." पण नातीचं वजन वाढत नव्हतं, आणि मुलगी भिंतीकडं तोंड करून पडायला लागली होती. मला तिची भीती वाटायला लागली.

मी तिला बोलतं ठेवायला म्हणून शार्कविषयी विचारायची. शेकशेगडी करताना मला दुसरं काय सुचणार? आणि खरं सांगते, विचारता विचारता मलाच नाद लागला. या माशाच्या अंगात एकही हाड नाही, आपल्या कानाच्या वरच्या कडेसारखं सगळं लवचीक. वाळूत दडून बसलेल्या माशाच्या अंगातली बारीकशी वीज त्याला नाकाडावरच्या छिद्रांतून कळते. बाकीचे मासे हजारांनी अंडी घालतात, पण शार्कच्या किती तरी जाती थेट पिल्लं देतात, थोडीच देतात, आणि त्यातल्या काहींची पिल्लं आईच्या पोटात नाळेनं वाढतात.

"नाळेनं?" मी हातातला तवाच खाली ठेवला. "आपल्यासारखं?"

"बरंचसं."

"मग दूध?"

"दूध न्हाई आई. जन्मलं की पिल्लू एकटं. आई निघून जाते."

"लई शहाणी आई," मी म्हणाले. त्यावर ती हसली. त्या आठवड्यातलं ते शेवटचं हसणं.

रविवारी बाजारात गेले. भाजीच्या रांगा संपतात तिथं सुक्या मासळीवाल्या पोती पसरून बसतात. त्यातली एक माझी जुनी ओळखीची, तिचा थोरला माझ्या वर्गात होता. तिला मी सगळं सांगून बसले. तिनं पोत्याखालून वीत वीत लांबीच्या दोन सुक्या मुशी काढल्या, पाठीतून चिरून उघडलेल्या, पांढुरक्या मिठानं माखलेल्या.

"बाई, बोंबील ऱ्हाऊ द्या. ही न्या. कोकणात बाळंतिणीला हीच देत्यात. दोन दिसांत पान्हा फुटंल."

मी तिथं उभी राहिले. मुलीला दिलेला शब्द आठवत नव्हता असं नाही, चांगला आठवत होता. पण घरी पोर उपाशी रडत होती, आणि मला तेव्हा समुद्रातल्या सगळ्या माशांची मिळून काही पडलेली नव्हती. पिशवीत घातल्या आणि वरून मेथीची जुडी ठेवली.

मुशी रांधायची कशी हे मला काय माहीत? मी बोंबलाला करते तेच केलं. एका मुशीचं मीठ धुतलं, ती तव्यावर खरपूस भाजली, लसूण घालून खलबत्त्यात कुटली. दुसरी मुशी डब्यात घालून पिठाच्या डब्यामागं सारली. भाकरीबरोबर चटणी पुढं केली आणि म्हणाले, "बोंबील हाय. गपचिप खा."

तिनं दोन घास खाल्ले. तिसऱ्याला थांबली. दाढेखाली काही तरी आलं होतं. जिभेनं ते पुढं आणलं, बोटावर घेतलं, दोन बोटांत चोळलं. मला वाटलं खडा लागला.

"आई, हे बोंबील न्हाईत."

"बोंबीलच हायत."

"आई, शार्कच्या कातडीवर बारीक दात असतात, खवल्यांच्या जागी. कोकणात आधी गरम पाण्यात घालून सगळं खरवडून काढतात. तू काढलं न्हाईस." तिनं ते बोट माझ्यापुढं धरलं. वाळूसारखी किरकिर होती. "हे दात हायत."

समुद्राकाठच्या कुठल्याही बाईनं मुशी रांधली असती तर तिची थाप पचून गेली असती. मी मात्र ती दातांसकट वाढली होती. मी आधी चिडले, चोर चिडतो तशी. "मग काय करू? पोरगी मरू देऊ? तुझे मासे मोठे का ही मोठी?" असं बरंच बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच वाक्य बोलली. शार्कच्या अंगात पारा साठतो, म्हणून पाजणाऱ्या बाईनं तो खाऊ नये असं आता सांगतात.

ज्या दुधासाठी मी हे सगळं केलं, त्याच दुधात मी पारा घातला की काय? मी तिच्यापुढून ताट ओढून घेतलं आणि रडले. मुलांपुढं न रडणारी बाई मी, पण त्या दिवशी मोठ्यानं रडले. मग तीच मला समजावायला लागली. मोठे शार्क वर्षानुवर्षं दुसरे मासे खातात, त्यांच्यात पारा जास्त साठतो. दोन घासांनी काही होत नाही. "आणि मासा केवढा होता?" तिनं विचारलं. "उरलाय का?"

मी डबा काढून दिला. तिनं मुशी वर्तमानपत्रावर उताणी ठेवली. माझी शिवणाची टेप मागून घेतली, लांबी लिहिली. मग वह्यांच्या पिशवीतलं भिंग काढून पंखांसारख्या पुढच्या दोन परांच्या मधोमध पोटावर धरलं आणि तशीच बसून राहिली.

"काय दिसतंय?" मला राहवेना. रडून डोळे सुजले होते, तरी विचारलंच.

तिनं भिंग माझ्या हातात दिलं. सुकलेल्या पोटावर एक बारीक चीर होती, कडा न मिटलेली.

"नाळेची खूण हाय," ती म्हणाली. "भरून यायच्या आतच जाळ्यात सापडलंय. जन्मून फार दिवस झाले नसतील."

नातीची नाळ आदल्याच दिवशी पडली होती. बेंबी अजून ओली होती, मी सकाळीच कोरड्या फडक्यानं टिपली होती. आम्ही दोघींनी एकाच वेळी पाळण्याकडं पाहिलं.

त्या दुपारी ती भिंतीकडं तोंड करून निजली नाही. पोरीला छातीशी धरून मला सांगत बसली. ही पिल्लं किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात वाढतात आणि कोळंबीच्या जाळ्यात आयती सापडतात. धरायला कुणी गेलेलं नसतं. मोठा शार्क बंदरावर तिच्या टेपखालून जातो, पण ही बारकी टोपलीतून परस्पर वाळवायला जातात आणि कुणाच्याच मोजणीत येत नाहीत. माद्या वयात यायला वर्षं लागतात, पिल्लं थोडी, आणि मरणारी जास्त. काही जाती कायद्यानं वाचवलेल्या आहेत, पण सुकल्यावर कुठली कुठली ते डोळ्यांनी सांगता येत नाही. त्यासाठी मांसाचा तुकडा प्रयोगशाळेत तपासावा लागतो. बोलता बोलता तिनं त्या मुशीचा नखाएवढा तुकडा कापून पुडीत बांधला आणि वर लिहिलं: धाराशिव, आठवडी बाजार. "समुद्रापास्नं इतक्या लांब येत असतील असं वाटलं नव्हतं," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी तिला दूध उतरलं. चोळी भिजली इतकं. मी आनंदानं काय काय बडबडले ते सांगत नाही. कशानं उतरलं, हे मात्र मला आजही माहीत नाही. अळिवानं, सिस्टरनं शिकवलेल्या धरण्यानं, त्या दोन घासांनी, की बोलून मन हलकं झाल्यानं? मी विचारलं तर माझी शास्त्रज्ञ म्हणते, "एका बाळंतिणीवरून काहीच सिद्ध होत न्हाई, आई." नातीचं वजन वाढायला लागलं आणि मी तो प्रश्न सोडून दिला.

पुढच्या रविवारी मी त्या मासळीवालीपुढं जाऊन उभी राहिले. तिनं लांबूनच विचारलं, "बाई, आलं का दूध?"

"आलं."

"म्या सांगितलं व्हतं न्हवं!" ती खुलली आणि पोत्याखाली हात घालून चार मुशी माझ्यापुढं टाकल्या. सगळ्या वीतभर.

तिला नाही कसं म्हणू? तिनं आपल्या बाजूनं मला मदतच केली होती. मी खाली बसले, पिशवीतून टेप आणि मुलीनं दिलेली वही काढली आणि एक मुशी उताणी केली. चीर होती. दुसरी केली. तिलाही होती.

"पोटात काय बगताय?"

मी तिला चीर दाखवली आणि ती कशाची ते सांगितलं. तिनं मुशी हातात घेतली, डोळ्यांपाशी धरली, अंगठा त्या चिरेवरून फिरवला. चार लेकरांची आई ती, तिला जास्त समजवायला लागलं नाही.

"तान्ही हायती व्हय ही?" ती हळूच म्हणाली. "इतकी वर्सं इकतीया मी."

गिऱ्हाईक आलं, त्याला तिनं सुकट तोलून दिलं. मग वळली आणि टेपचं दुसरं टोक शेपटीपाशी दाबून धरलं. मी आकडा वहीत लिहिला.