कारंज्यातले राणीछाप

इतकी वर्षं नोकरी केली, खून-दरोडेही पाहिले. पण चांदीच्या अकरा रुपयांची ती तक्रार अजून डोक्यातून जात नाही.

मी तेव्हा खान्देशातल्या एका तालुक्याच्या गावी निरीक्षक होतो. कापसाच्या व्यापारातून निवृत्त झालेले एक नाना सकाळीच ठाण्यात आले. कपाटातल्या डब्यातून व्हिक्टोरिया राणीच्या छापाचे अकरा राणीछाप रुपये गेले होते. "एकेकाचे हजारो येतात, साहेब. घरात बाहेरचं माणूस एकच, धुणीभांडी करणारी बाई," ते म्हणाले.

बाईची चौकशी तिच्या घरीच करावी, असं कायदा सांगतो. नानांच्या आग्रहापुढे मी तिला ठाण्यात बोलावलं आणि दिवसभर बाकावर बसवून ठेवलं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "साहेब, बारा वरीस व्हयनात त्या घरमा. एक चमचा बी उचला नही. बठ्ठं घर दखी ल्या." सगळ्या घराची झडती घेतली, काही सापडलं नाही. संध्याकाळी तिला सोडलं, पण तोवर तिच्या गल्लीत तिचं नाव चोर पडलं होतं.

गावातल्या सराफांना आम्ही नाण्यांचं वर्णन देऊन ठेवलं होतं. आठवड्याने एका सराफाचा फोन आला, "साहेब, एक माणूस राणीछाप रुपया विकायला आलाय. बसवून ठेवलाय."

तो नगरपालिकेच्या बागेतला सफाई कामगार निघाला. बागेतल्या कारंज्यात महादेवाची मूर्ती आहे, जटेतून पाणी उडतं. लोक नवस बोलून त्यात नाणी टाकतात. "हौद साफ करताना सापडलं," तो म्हणाला. आमचे हवालदार हसले. मी हसलो नाही. खोटं बोलणारा माणूस तपशील वाढवत जातो. हा एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होता.

दुसऱ्या दिवशी दोन पंच घेऊन हौद रिकामा केला. चिखलात, रुपया-दोन रुपयांच्या नाण्यांमध्ये, सात राणीछाप मिळाले. पंचनामा लिहिताना एक गोष्ट लक्षात आली. काहींवर शेवाळ चढलं होतं, एक मात्र अगदी स्वच्छ होता. म्हणजे ते एका दिवशी टाकलेले नव्हते. चोर मुद्देमाल एकदम लपवतो, एकेक करून महादेवाला वाहत नाही.

हौद पुन्हा भरला आणि साध्या वेशातली महिला शिपाई बागेत बसवली. सोमवारी संध्याकाळी तिने फोन केला. मी पोहोचलो तेव्हा कठड्याजवळ नानांच्या पत्नी उभ्या होत्या. मुठीत रुपया होता.

मी त्यांना बाकावर बसवलं. "अक्का, हे का करता?"

त्यांनी मूठ उघडून राणीछाप दाखवला. मग म्हणाल्या, "मुलगी दीपनगरला असते. तिनं मनानं लग्न केलं म्हणून घरात तिचं नाव काढायचं नाही. आता तिच्या किडन्या बिघडल्यात. देवळाच्या पेटीत टाकलं तर पुजारी आमच्या ह्यांना सांगेल. आणि लेकीचा जीव मागायचा तो साध्या रुपयावर? मलाच लाज वाटली."

"या नाण्यांची किंमत ठाऊक आहे?"

"चांदीचे आहेत एवढं ठाऊक आहे."

मी किंमत सांगितली. त्यांनी मूठ हळूच मिटली. "मला कुणी कधी सांगितलं नाही," एवढंच म्हणाल्या.

नानांना ठाण्यात बोलावलं.

"नाणी तुमच्याकडे आली कुठून?"

"सासऱ्यांनी दिली. दोंडाईच्याचे होते ते."

"कुणाला दिली?"

नाना खाली बघत म्हणाले, "लग्नात हिच्या ओटीत घातली होती."

स्त्रीधन होतं ते. मालकिणीने स्वतःची वस्तू उचलली, त्यात चोरी कसली? गैरसमजातून फिर्याद झाली असा 'क' समरी अहवाल मी न्यायालयात पाठवला. आदेश झाल्यावर नाणी अक्कांच्या सहीने अक्कांना परत दिली. दोन मात्र कधीच मिळाली नाहीत. उरलेली त्यांनी लेकीच्या उपचारासाठी सराफाला विकली आणि एसटीने एकट्या दीपनगरला गेल्या. नाना गेले नाहीत. मुलीची प्रकृती पुढे सावरली. नवसाने की औषधाने, हे ठरवणं पोलिसांचं काम नाही.

धुणीभांडी करणाऱ्या त्या बाईला ठाण्यात बोलावून घ्यायची चूक मी पुन्हा केली नाही. नानांना घेऊन मीच तिच्या दारी गेलो. नानांनी पाचशेची नोट पुढे केली. तिने हात मागे घेतला.

"माले पैसा नको, नाना. गल्लीमा उभं ऱ्हाईसन बठ्ठासना समोर सांगा, हाई बाई चोर नही शे."

नानांना ते जड गेलं, पण बोलले. त्यांच्यानंतर मी बोललो, गणवेशात, टोपी घालून, दारादारातल्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात. ती ऐकत उभी राहिली आणि मग घरात गेली. नानांकडचं काम तिने पुन्हा धरलं नाही.

चोरीच्या तक्रारीत 'कुणी नेलं' हे आपण लगेच विचारतो. 'वस्तू कुणाची' हा प्रश्न मी तिथून पुढे नेहमी आधी विचारला. पहिल्याच दिवशी विचारला असता, तर ती बाई बाकावर बसली नसती.